मदत हवी आहे: जुना पांगुळगाडा आणि खिडक्यांचा रंग, शिसं कुठे तपासून मिळेल? (मुंबई)

मंडळी, घरातल्या एक-दोन वस्तूंमधलं शिसं तपासून देणारी लॅब मुंबईत कुणाला माहीत आहे का? चौकशी केली तिथे कंपन्यांचीच कामं घेतात.

लेक सव्वा वर्षाची आहे. सासूबाईंनी माळ्यावरून नवऱ्याचा लहानपणीचा लाकडी पांगुळगाडा काढला. ऐंशीच्या दशकातला, पिवळाधमक आणि लाल. लेक तो धरून चालते आणि दमली की दांडीच चावत बसते. दांडीवर दातांच्या खुणा आहेत आणि तेवढ्या जागेतला पिवळा रंग उडून लाकूड दिसतंय. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत लेड क्रोमेट (शिशाचं रंगद्रव्य) सर्रास असायचं, म्हणून गाडा परत माळ्यावर टाकला. "आमची मुलं यावरच चालायला शिकली" असं ऐकून घ्यावं लागलं, पण लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, तिथे मी तडजोड करणार नाही.

नव्या खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घरगुती रंगांतही 2017 पासून शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे. त्याआधीच्या वस्तूंचं काय, हाच प्रश्न आहे.

ऑनलाइन मिळणारे, बोळा घासून बघायचे किट घेऊ का? शिसं असेल तर बोळा गुलाबी-लाल होतो म्हणे, पण लाल रंगच बोळ्याला लागला तर कळणार कसं? शिवाय वरचा थर नवा असला तर खालच्या थरातलं शिसं त्यात दिसतच नाही.

एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी वस्तूतले धातू मोजणारं यंत्र) घेऊन घरी येणारं कुणी आहे का? झवेरी बाजारात सोन्याचा कस बघतात ते यंत्रही त्याच तत्त्वावर चालतं. ते सोन्यासाठी लावलेलं असतं, त्यामुळे रंगातला आकडा बरोबर येणार नाही असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं. आणि रंग खरवडून लॅबला द्यायचा तर साधारण किती लागतो? एकूण शिसं मोजायला सांगायचं, की खेळण्यांच्या आयएस 9873 या भारतीय मानकाप्रमाणे विरघळून बाहेर येणारं?

डॉक्टरांनी लेकीच्या रक्ताची तपासणी लिहून दिली आहे. मुलांच्या रक्तातल्या शिशाकडे लक्ष द्यायला हवं अशी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची पातळी 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, म्हणजे रिपोर्टमध्ये नुसतं "5 पेक्षा कमी" आलं तर उपयोग नाही. नेमका आकडा देणारी लॅब सुचवा.

घाई अशासाठी की आमची गिरगावातली जुनी चाळ, खिडक्यांच्या चौकटींवर ऑइल पेंटचे थरावर थर, आणि गणपतीआधी रंगकाम ठरलंय. रंगारी पॉलिश पेपर मारून लांबी भरतो म्हणतोय. त्या थरांत शिसं असेल तर कोरडं घासल्यावर धूळ घरभर होईल. म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला थांबवलं आहे आणि पोपडे पडतात तिथे रोज ओल्या फडक्याने पुसून घेते.