पैसे घेऊन दोरीवर चढवणाऱ्यांना सक्तीची नोंदणी हवी की नको? (खानापूर–जांबोटी–दांडेली–चंदगड पट्टा)

टिळकवाडी ट्रेकर (धागाकर्ता):
जांबोटी-कणकुंबीपासून गणेशगुडी-दांडेलीपर्यंत आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात जिकडेतिकडे कॅम्प झालेत. झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं), रॅपलिंग (दोरीने कडा उतरणं), कयाक (छोटी वल्ह्याची होडी), सगळं आहे. माझं म्हणणं एवढंच की, जो तिकीट लावून दुसऱ्याच्या पोराला दोरीवर चढवतो त्याची नोंदणी झाली पाहिजे, साहित्य दरवर्षी तपासलं पाहिजे आणि दोर सांभाळणारा शिकलेला पाहिजे.

महाराष्ट्राने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी, हवा, कुठलाही प्रकार असो, व्यावसायिकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे कर्नाटकात 2024 च्या जानेवारीत कुमार पर्वतावर गर्दी उसळली, तेव्हा ऑनलाइन बुकिंग नसलेले ट्रेक सरकारने थांबवले आणि पुढे ट्रेकच्या ऑनलाइन बुकिंगचं ‘अरण्य विहार’ पोर्टल आलं. चांगलं झालं. पण त्यावरून डोंगरावर किती माणसं चढली ते समजेल, कॅम्पवरचा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षा पट्टा) किती जुना ते समजणार नाही.

इकडच्याच एका कॅम्पवर (नाव घेत नाही) मी हार्नेस हातात घेऊन बघितला. लेबल कापलेलं, म्हणजे कुठल्या सालचा ते कळायला मार्गच नाही. पट्टा उन्हाने विटून पांढुरका झालेला, मांडीच्या लूपजवळची शिवण उसवलेली. कॅराबिनरच्या (दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या) स्क्रूत माती बसलेली, तो अर्ध्यावर अडकायचा. चांगल्या हार्नेसवर शिवणीचा दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो, झिजला की लगेच नजरेत यावा म्हणून. इथे तो रंगच उडाला होता. कापडी साहित्याला बहुतेक कंपन्या फार तर 10 वर्षं देतात, वापरलं नाही तरी. आणि डोक्यावर? बांधकामावरचं पिवळं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा तुटलेला.

जांबोटीकर कॅम्पवाला:
हार्नेसचं बोललात ते मान्य. पण नोंदणी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, का ते ऐका. इथे कायदा येतो तो बंदीच्या रूपानं. पावसाळा आला की धबधब्यांच्या वाटा बंद. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं, त्यातल्या गावांना कशाकशासाठी हेलपाटे मारावे लागतात ते गावात येऊन विचारा. आता पर्यटनाच्या नावाने आणखी एक दाखला आला, तर बेंगळुरूचा रिसॉर्टवाला तो एका दिवसात काढेल आणि चार तंबू लावणारा गावातला पोरगा वर्षभर फायली घेऊन फिरेल.

आणि माणसं मरतात कुठे ते तरी बघा. नोव्हेंबर 2022 मध्ये चंदगडातल्या कितवाड धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडाल्या. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका घरातली पाच माणसं वाहून गेली. यात कुठला कॅम्प होता? कुठला गाइड होता? उलट पाणी ओळखणारा स्थानिक माणूस सोबत असता तर त्याने त्यांना पाण्यात उतरूच दिलं नसतं. तुमच्या नियमाने तोच माणूस धंद्यातून उठेल.

कॉलेज रोड:
जांबोटीकरांशी सहमत. गवळी-धनगरांच्या पोरांना ओढा कधी चढणार ते वरच्या ढगावरून कळतं. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्याला ते कळेल का?

टिळकवाडी ट्रेकर:
ओढ्याचं ज्ञान त्या पोराचंच, वाद नाही. पण अँकर (दोराचा वरचा आधार) एकाच झाडाला बांधायचा की दोन वेगवेगळ्या ठिकाणी, खालून बिले (माणूस पडू नये म्हणून सांभाळायचा दोर) कोणी धरायचा, दोर खडकाच्या धारेवर घासतोय का, हे ढग बघून कळत नाही. ते शिकावंच लागतं. म्हणून म्हणतो, त्याच पोरांना सरकारी खर्चाने शिकवा. राज्याची जनरल थिमय्या साहस अकादमी आहेच, तिचे वर्ग खानापुरात भरवा, आणि मराठीतही घ्या.

कितवाड आणि भुशीचं खरं आहे. तिथे पैसे घेणारा कोणी नव्हता, तिथे कठडे आणि पहारा लागतो. पण जानेवारी 2025 मध्ये गोव्यात पेडण्याच्या केरीला पॅराग्लायडिंग करताना पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. ते पैसे मोजून केलेलं उड्डाण होतं. आपली माणसं दर शनिवारी-रविवारी चोर्ला घाट उतरून गोव्यातच जातात.

एक पालक, शहापूर:
शाळेच्या सहलीसोबत मी गेले होते. कयाकच्या आधी मुलांना लाइफ जॅकेट दिलं, सगळ्यांना एकाच मापाचं. चौथीतल्या एका मुलीच्या जॅकेटचे खांदे धरून मी वर ओढले, तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर आणि मूल खाली. तिथल्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, “काही होत नाही बाई, पाणी कमरेएवढंच आहे.” कोणाच्या कमरेएवढं?

आणि तो कागद! “काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही” म्हणून सही घेतली, तीही इंग्रजीत. सूचनांचा फलक फक्त कन्नडमध्ये. कन्नड असावंच, राज्यच ते आहे. पण मराठी शाळेतल्या मुलाला धोका कुठल्या भाषेत समजणार?

टिळकवाडी ट्रेकर:
बाई, खांदे ओढून बघायची ही युक्ती प्रत्येक पालकाने पाठ करावी. शिवाय साध्या हलक्या जॅकेटला 50 न्यूटनची तरंगशक्ती (पाण्यात वर उचलून धरणारा जोर) असते आणि ते पोहता येणाऱ्यासाठी असतं. न पोहणाऱ्या मुलाला निदान 100 न्यूटनचं लागतं. उतरण्याआधी माणसाला काय काय सांगितलं पाहिजे यावर आयएसओ 21103 नावाचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, 2014 पासून. आणि सही घेतली म्हणून कोणाचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

चंदगडी:
आमच्याकडे नियम आहे म्हणून फार हुरळू नका. दाखला कार्यालयात लागतो, दोर दरीत बांधतात. दरीत उतरून गाठ बघणारा माणूस नेमला नाही तर तो दाखला भिंतीला टांगण्यापुरता. मी नोंदणीच्या बाजूचाच आहे, पण तपासनीस स्वतः दोरीवर उतरलेला हवा, टेबलामागचा नको. दुसरं, हद्दीमुळे चलाख लोकांचं फावतं. इकडे विचारणा झाली की तंबू उचलून पाच-दहा किलोमीटरवर तिकडे लावतात. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी याद्या एकमेकांना द्याव्यात, त्याला सीमाप्रश्न सुटायची वाट बघायला नको.

कॉलेज रोड:
आणि या सगळ्याचा खर्च? नवे हार्नेस, हेल्मेट, विमा. तिकीट दुप्पट होईल. मग गरीब घरच्या पोरांनी ट्रेक करायचाच नाही का?

टिळकवाडी ट्रेकर:
ट्रेकला मी हात लावतच नाही. चार मित्र मिळून राजहंसगडावर किंवा महिपाळगडावर गेले, त्यांना कसली नोंदणी? मी धंद्याबद्दल बोलतोय. जीपवाल्याला परवाना आणि विमा लागतोच ना, मग झिपलाइनवाल्याला का नको?

निवेदनाचा मसुदा मी करतो: नोंदणी, वर्षाला तपासणी, मराठी-कन्नड दोन्ही भाषांत फलक, आणि स्थानिक पोरांना मोफत प्रशिक्षण. जांबोटीकर, तुम्ही सही कराल?

जांबोटीकर कॅम्पवाला:
प्रशिक्षण आधी आणि नोंदणी नंतर असं लिहा, मग करतो. आणि पहिलं वर्षभर चूक सापडली तर सुधारायला मुदत द्या, टाळं नको.

टिळकवाडी ट्रेकर:
कागदपत्रांना मुदत चालेल. उसवलेल्या हार्नेसला एक दिवसाचीही नाही.

जांबोटीकर कॅम्पवाला:
हार्नेस तिथेच कापून टाका की, माझी ना नाही. पण जो येईल त्याला उसवलेला कुठला आणि नुसता मळलेला कुठला हे ओळखता आलं पाहिजे. तेही मसुद्यात घाला.