पक्षांतराचा निवाडा विधानसभा अध्यक्षांकडे राहावा का?

अर्धविराम (चर्चाप्रस्ताव):
जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने बहुमत चाचणी घेण्याचा राज्यपालांचा आदेश आणि शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद (आमदारांना पक्षाचा मतदानाचा आदेश देणारा) म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता, या दोन्ही गोष्टी बेकायदा ठरवल्या. अपात्रतेचा निर्णय मात्र वाजवी मुदतीत घ्यावा असे सांगून तो अध्यक्षांकडेच सोपवला. न्यायालयाला पुन्हा मुदत घालून द्यावी लागली, तेव्हा कुठे १० जानेवारी २०२४ रोजी तो निर्णय आला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही.

माझा आक्षेप अध्यक्ष राहुल नार्वेकर या व्यक्तीवर नाही, पदाच्या रचनेवर आहे. सत्तारूढ बहुमताच्या बळावर अध्यक्ष झालेला आणि पुढच्या निवडणुकीत आपल्याच पक्षाकडे उमेदवारी मागणारा माणूस ज्या निर्णयावर सरकारचे अस्तित्व टिकून आहे तो निर्णय निःपक्षपातीपणे देईल, अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. किहोटो होलोहान खटल्यात (१९९२) अध्यक्षांचा अधिकार तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला, तेव्हा अल्पमतातील न्यायमूर्तींची हरकत हीच होती. लाभाच्या पदामुळे येणाऱ्या अपात्रतेत राज्यघटनेच्या १९२व्या कलमाप्रमाणे राज्यपालांना निवडणूक आयोगाच्या मतानुसारच निर्णय द्यावा लागतो. मग पक्षांतराचाच अपवाद कशासाठी? मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सुचवलेले स्वतंत्र न्यायाधिकरण संसदेने स्थापन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सह्यकडा:
निदान पटते, उपाय पटत नाही. न्यायाधिकरणावर निवृत्त न्यायाधीश नेमले, तरी त्या नेमणुकांकडे डोळे लावून बसणारे न्यायाधीश निर्माण होतील आणि आज अध्यक्षांच्या दालनात असलेला पक्षीय दबाव न्यायालयांच्या दाराशी जाईल. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची काळजी असणाऱ्यांनी हा धोका पत्करू नये.

शिवाय विलंब काय फक्त अध्यक्षांनीच केला? उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, म्हणून त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, हे सांगायला घटनापीठाला जवळपास वर्ष लागले. अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्धच्या याचिकांवर अंतिम निकाल येण्याआधी नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक होऊन ती विधानसभाच संपली.

खरा रोग पक्षादेशात आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराला प्रत्येक मतदानात पक्षश्रेष्ठींच्या हाती दिले. पक्षादेश मोडल्यामुळे येणारी अपात्रता विश्वासदर्शक वा अविश्वास ठरावापुरतीच ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती अमलात आणली तर अध्यक्षांपुढे येणारे तंटेही कमी होतील.

नदीकाठ:
सह्यकडा, न्यायालयांवर आपण फार अविश्वास दाखवता. जुलै २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात भाजपच्या १२ आमदारांना सभागृहाने वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले आणि तो ठराव रद्द केला. बहुमत कोणाचेही असो, ते माजते. त्याला आवरणारी संस्था सभागृहाबाहेरच असावी लागते.

अर्धविराम:
गोस्वामी समितीचा दाखला दिलात, तर तो पूर्ण द्यावा. त्याच समितीने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून, निवडणूक आयोगाच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी द्यावा, असेही सुचवले होते. तुमचा उपाय आणि माझा मुद्दा तिथे एकत्रच नांदतात. शिवाय २०२२ ची फूट एखाद्या विधेयकावरील मतभेदातून झाली नव्हती, थेट सरकार बदलण्यासाठी होती. पक्षादेश कितीही आखूड केला, तरी असा तंटा कोणापुढे तरी जाणारच.

सह्यकडा:
हे मान्य. आयोगाचा मार्ग मला न्यायाधिकरणापेक्षा कमी धोक्याचा वाटतो. पण आयुक्तांच्या निवड समितीत २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांऐवजी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री बसतो. ती तरतूद बदलेपर्यंत अध्यक्षांचा अधिकार आयोगाकडे द्यायला माझा विरोध राहील. तोवर, तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अध्यक्षांना घालून दिलेली तीन महिन्यांची मर्यादा पक्षांतरबंदीच्या तरतुदी असलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातच लिहावी.