‘लाँजेव्हिटी’ला मराठीत काय म्हणावे? (जो लुई, मार्सियानो आणि कारकीर्द)

रानवाट :
हेवीवेट गटातील जगज्जेते जो लुई आणि रॉकी मार्सियानो यांच्यावरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. मुष्टियोद्ध्याचे थोरपण ठरवताना ‘लाँजेव्हिटी’ला सर्वांत जास्त वजन द्यावे, असा त्यात आग्रह आहे. मी ‘दीर्घ कारकीर्द’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘दीर्घायुष्य’ केले. वाचक हे आयुर्मानाविषयी आहे असे समजेल. लुई ६६व्या वर्षी वारला आणि मार्सियानो तर विमान अपघातात पंचेचाळिशीतच गेला. कृपया शब्द सुचवावा.

तळटीप :
‘कारकीर्द’च ठेवावे, मात्र ती कोणत्या अर्थाने हे ठरवून. हा शब्द फारसीतून आला आणि आपल्याकडे प्रथम सत्ताकाळासाठी रुळला. थोरल्या माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पेशवेपदावर होते तेवढाच काळ अभिप्रेत असतो. व्यवसायातील एकूण वाटचाल हा अर्थ नंतरचा. मुष्टियुद्धात हा भेद कळीचा आहे. लुई व्यावसायिक म्हणून १९३४ ते १९५१ या काळात लढला. पण त्याचे जगज्जेतेपद २२ जून १९३७ ते १ मार्च १९४९ असे होते आणि ते त्याने २५ वेळा राखले. याउलट रॉबर्टो दुरान १९६८पासून २००१पर्यंत रिंगणात होता, पण त्याची विजेतेपदे वेगवेगळ्या वजनगटांत, खंड पडत पडत आली. आपले लेखक यांपैकी कशाला वजन देतात, ते आधी पाहावे.

सोनचाफा :
सत्ताकाळासाठी ‘पदकाल’ आणि एकूण टिकण्यासाठी ‘चिरस्थायित्व’ हे आपले शब्द असताना फारसीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय आपल्या भाषेने वय आणि मोठेपण यांचे नाते ‘थोर’ या एकाच शब्दात जपले आहे. तो ‘स्थविर’ म्हणजे वृद्ध या शब्दावरून आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

तळटीप :
ही व्युत्पत्ती टिकणार नाही. ‘थोर’चे नाते ‘स्थूर’, ‘स्थूल’ यांच्याशी आहे. मूळ अर्थ आकाराने मोठा, वयाने नव्हे. आणि ‘चिरस्थायित्व’ हे देवळाच्या दगडी बांधकामाला शोभेल; रोज मार खाऊन उभे राहणाऱ्या माणसाला नाही. माधवराव अकरा वर्षे पदावर होते आणि सत्ताविसाव्या वर्षी गेले. त्यांच्या थोरपणाला वर्षांचा आधार लागत नाही.

पैलतीर :
आमचे काका कोल्हापूरला खासबागेत कुस्त्या पाहायला जात. गाजणाऱ्या पैलवानाविषयी ते ‘सध्या त्याची सद्दी आहे’ असेच म्हणत आणि तो गदेचा मानकरी आहे की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नसे. ‘सद्दी’ हा शब्द शतक या अर्थाच्या ‘सदी’वरून आला, असे ते सांगत, मला ते पटत नाही, पण शब्द फार नेमका आहे. लुईच्या पदकालात मार्च १९४२ ते जून १९४६ या काळात विजेतेपदाची एकही लढत झाली नाही, कारण तो सैन्यात होता. कागदोपत्री पद होते, पण ती सव्वाचार वर्षे सद्दीची म्हणायची का? दुसरीकडे डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा पद पणाला लावले. त्यांतल्या शेवटच्या लढतीत बारा फेऱ्यांनंतर तो बिली कॉनच्या मागे होता आणि तेराव्या फेरीत त्याने कॉनला लोळवले. थोरपण शोधायचे तर मी तिथे शोधीन.

सोनचाफा :
मग मार्सियानोला काय न्याय देणार? ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ बाद करून, आणि १९५६मध्ये स्वतःहून निवृत्ती. हरण्यापूर्वी थांबणे हीदेखील मोठी कसोटी आहे.

पैलतीर :
विजेतेपद त्याने सहाच वेळा राखले. ऑक्टोबर १९५१मध्ये त्याने लुईला आठव्या फेरीत दोऱ्यांमधून बाहेर फेकले, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि करांच्या थकबाकीपायी पुन्हा हातमोजे चढवून उभा होता. त्या पराभवाचे उणे गुण लुईच्या खाती मांडणे मला अन्यायाचे वाटते. माणूस उमेदीच्या काळात कसा लढला हे पाहावे. उतरणीला तो का लढला, याची कारणे बहुधा रिंगणाबाहेरची असतात.

रानवाट :
मूळ वाक्यासाठी अजून एकमत दिसत नाही. ‘प्रदीर्घ वर्चस्व’ चालेल का?

तळटीप :
लुईपुरते चालेल, जॉर्ज फोरमनपाशी अडेल. त्याने १९७३मध्ये जो फ्रेझरकडून जगज्जेतेपद घेतले, १९७४मध्ये किन्शासात अलीपुढे गमावले, १९७७पासून दहा वर्षे धर्मोपदेश केला आणि नोव्हेंबर १९९४मध्ये ४५व्या वर्षी, तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे असताना, २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका आखूड उजव्या ठोशाने आडवे केले. यात वर्चस्व प्रदीर्घ नाही आणि पदकालही सलग नाही. तरी ‘लाँजेव्हिटी’चे उदाहरण म्हणून पहिले नाव त्याचेच घेतले जाते. लेखात फोरमनचा उल्लेख आहे का, तेवढे कळवावे.