बचत गटाचा निधी बँकेने कसा मोजावा? मदत हवी आहे

नंदुरबार जिल्ह्यातला 11 महिलांचा गट आहे. 'उमेद'मध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) नोंद, दरमहा प्रत्येकी 200 रुपये बचत, 24 महिने पूर्ण. मिरची कांडपासाठी डंक (कांडप यंत्र) घ्यायचाय, म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज केलाय.

हिशोब असा: बचत 52,800, अंतर्गत कर्जाचं व्याज 9,400, 'उमेद'कडून मिळालेला फिरता निधी 30,000. एकूण 92,200. पहिल्या टप्प्यात निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातली मोठी रक्कम, म्हणजे 5,53,200 बसते. शाखा मात्र पासबुकातली 14,000 शिल्लकच धरते आणि दीड लाखावर थांबते. उरलेले पैसे सदस्यांकडे कर्जाऊ फिरताहेत. गट नीट चालतो म्हणूनच तर शिल्लक कमी दिसते! वर खात्यातली बचत अडकवून ठेवा म्हणतात. 10 लाखांपर्यंत तारण नाही, बचतीवर बोजाही नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना?

विचारायचं हे:

1. सदस्यांकडची येणी निधीत धरायला शाखेला काय दाखवावं? कर्ज खतावणी आणि ठरावाची प्रत पुरते, की 'उमेद'च्या प्रभाग समन्वयकाची सही असलेला ताळेबंदही लागतो?

2. एका सदस्येचे खाजगी मायक्रोफायनान्सचे हप्ते थकलेत. तेवढ्यावरून अख्ख्या गटाचा अर्ज अडतो का?

3. कांडपाची कमाई मुख्यतः फेब्रुवारी ते मे. समान मासिक हप्ते पावसाळ्यात हमखास थकतील. मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मर्यादा (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचे, जमेल तसे भरायचे) कुणी घेतली आहे का? सूक्ष्म पत आराखड्यात (कर्ज कशासाठी आणि कसं फेडणार, याचं गटाचं नियोजन) ते कसं मांडलंत?

आराखड्याचा नमुना असेल तर कृपया टाका.