मदत हवी आहे : मैत्रिणीसोबत स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकताना मराठीला आवर कसा घालावा?

नमस्कार. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, आम्ही दोघी सोलापूरच्या असून सप्टेंबरपासून स्पेनमधील सालामांका येथे स्पॅनिश शिकत आहोत. सध्या नाताळच्या सुट्टीत घरी आलो आहोत. तिकडे ६ जानेवारीचा तीन राजांचा सण आटोपला की वर्ग पुन्हा सुरू होतील, त्यामुळे यंदा सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा चुकणार आहे. परतण्यापूर्वी एक निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

आम्ही तिथे सत्तरीच्या एका आजींकडे शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो. दुपारी अडीचला आणि रात्री साडेनऊला तिघी एकत्र जेवतो. गावात १२१८ सालापासूनचे विद्यापीठ असल्यामुळे लोक परदेशी विद्यार्थ्यांच्या मोडक्यातोडक्या बोलण्याला सरावलेले आहेत आणि आजीही फार सोशिक आहेत. अडचण आमचीच आहे. आजी काही विचारतात, मैत्रीण माझ्याकडे पाहते, मी तिला मराठीत सांगते, ती मराठीतच उत्तर देते आणि मी ते स्पॅनिशमध्ये आजींपर्यंत पोहोचवते. ती अंडी खाते, मांस खात नाही. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घातले आहे का, एवढे विचारण्यापुरती मी पहिल्या आठवड्यात मध्ये पडले होते. ती सवय चार महिने टिकली. आता तिला जेवण आवडले का, हेही आजी मलाच विचारतात.

एकदाच निराळे घडले. आजी तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा, तिसरा तुकडा वाढू लागल्या तेव्हा ती घाईघाईने "बास, बास" म्हणाली. स्पॅनिशमध्ये 'व' लिहिला तरी उच्चार 'ब' होतो, त्यामुळे आजींना ते 'तू जातेस' या अर्थाचे 'बास' वाटले आणि त्यांनी गोंधळून "आदोंदे?", म्हणजे "कुठे?", असे विचारले. माझ्या तोंडात घास होता. मैत्रिणीने ताटलीवर हात धरून "नो, नो, बास्ता!" असे स्वतःच सांगितले, कारण 'पुरे' या अर्थाचा तो शब्द तिला ठाऊक होता. त्यानंतर त्या दोघी बराच वेळ बोलत बसल्या आणि मी मुद्दाम गप्प राहिले.

वास्तविक व्याकरणात ती माझ्याहून सरस आहे. 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याशी वर्गातील अमेरिकी मुले झगडत होती, तेव्हा हे तर आपल्या 'मला कॉफी आवडते' सारखेच आहे, हे तिच्याच प्रथम लक्षात आले. मात्र मे महिन्यात आम्हाला डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची बी-१, म्हणजे मध्यम पातळी द्यायची आहे. तीत वाचन व लेखन यांचा एक गट आणि श्रवण व संभाषण यांचा दुसरा गट असतो, आणि प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण मिळवावेच लागतात. लेखनातील गुणांनी संभाषणातील तूट भरून निघत नाही.

मराठी शब्दाला दहा सेंट दंड ठेवून पाहिला. बरणीत जमलेल्या पैशांचे आम्ही चुर्रोस खाल्ले आणि नियम तिथेच संपला. मला वाटते की आम्ही एकाच गावात, पण वेगवेगळ्या घरी राहावे. तिच्या घरी तेलुगू बोलतात; मराठी ती सोलापूरच्या पूर्व भागातील गल्लीत खेळता खेळता शिकली आणि तेव्हा मध्ये भाषांतर करायला कुणी नव्हते. परंतु काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तिला पाठवले ते आम्ही दोघी एकत्र राहू याच अटीवर, आणि वेगळे राहण्याचा विषय काढला की त्यांना आमचे भांडण झाले असावे अशी शंका येते.

अशा वेळी कुणी घर बदलले आहे का? त्याने खरोखर फरक पडला का, आणि घरच्यांना ते कसे समजावले? की एकाच घरात राहून टिकेल असा एखादा नियम आहे? आजींना चार दिवसांत कळवायचे आहे. हा मजकूर मी मैत्रिणीला दाखवला आहे. वेगळे राहायला तिची ना नाही, फक्त नव्या घरी पहिल्याच दिवशी चोरिसोबद्दल न दुखावता कसे सांगावे, तेवढेही विचार, असे तिने सांगितले आहे.