मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० ची अधूनमधून येणारी मिसिंग, तुटते ते करंट की पेट्रोल?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९२ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनासाठी मिश्रणातले पेट्रोल वाढवणारा) आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला पाळीने करंट पोहोचवणारा भाग) ठिणगीसाठी करंट जोडतोडणारे पॉइंट-कन्डेन्सर, असे सगळे मूळच्याच रचनेचे आहे. मधल्या काळात कोणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले नाही. गाडी चिपळुणात असते, गावातल्या गावात नियमित फिरते आणि कामानिमित्त कुंभार्ली घाट चढून कराडलाही जाते. गेल्या पावसाळ्यानंतर तिला अशी मिसिंग (इंजिनाने मध्येच ठोके चुकवणे) सुरू झाली आहे की जी गॅरेजमध्ये एकदाही दिसत नाही आणि रस्त्यावर मात्र हमखास गाठते.

लक्षणे शक्य तितक्या नेमकेपणाने लिहितो. गाडी सकाळी चोक ओढून पहिल्या झटक्यात सुरू होते, स्लोला (पेडल न दाबता) एकसारखी चालते आणि गावातल्या रहदारीत काहीही तक्रार करत नाही. घाटाच्या पायथ्याचे पोफळी गाठेपर्यंतच्या रस्त्यावर, जिथे चढ हलका आहे आणि तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पेडल साधारण अर्धे दाबून एका गतीने जात राहावे लागते, तिथे अचानक झटके बसू लागतात. एखादा सिलिंडर कायमचा बंद पडल्यावर गाडी जशी थरथरत चालते तसे हे नाही; क्षणभर सगळेच इंजिन सोडून दिल्यासारखे होते, पुन्हा पकडते, पुन्हा सोडते. सायलेन्सरमधून क्वचित एखादा फटाका वाजतो. विशेष म्हणजे त्याच वेळी पेडल पूर्ण दाबले तर पुष्कळदा गाडी सावरते, आणि पाय काढून घेतला तरी सावरते. पुढे घाटाच्या खऱ्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये पेडल जवळजवळ तळाला टेकलेले असताना त्रास कमीच होतो. बॉनेट उघडून थांबल्यावर कधी पुढचा सगळा प्रवास सुरळीत होतो, तर कधी थोड्या अंतरावर पुन्हा तेच सुरू होते.

आतापर्यंत झालेले काम असे: प्लग नवीन टाकून गॅप ०.८ मिमी ठेवला. पॉइंट आणि कन्डेन्सर नवीन आहेत, पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.४५ मिमी भरतो. प्लगच्या वायरी, कॅप आणि रोटर बदलले. पेट्रोल फिल्टर नवा आहे. टॅपेट (वाल्व्हची फट) थंड इंजिनवर बांधले. कॉम्प्रेशन तपासून घेतले, तिन्ही सिलिंडरचे आकडे १५५ ते १६० पीएसआयच्या दरम्यान आले, म्हणजे वाल्व्ह आणि रिंगा यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. कार्ब्युरेटर उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) आणि मार्ग हवेने साफ केले, आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पातळी पाहिली आणि कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग बदलले, कारण तिथून हवा ओढली जात असेल तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते.

एवढे होऊनही दोष जिथल्या तिथे आहे. आमचे मेकॅनिक अनुभवी आहेत आणि मनापासून काम करतात, पण दोष त्यांच्यासमोर येतच नसल्याने आता त्यांचा सल्ला अख्खा कार्ब्युरेटर बदलण्याचा आहे. मला ते पटत नाही. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की नवा कार्ब्युरेटर आला की त्याचे ट्यूनिंगही नव्याने करावे लागेल, आणि मूळ दोष दुसरीकडे असल्यास तो आणखी खोल दडेल. अधूनमधून येणाऱ्या दोषात एकामागून एक भाग बदलत जाणे मला सर्वांत घातक वाटते, कारण प्रत्येक बदलानंतर गाडी काही काळ योगायोगाने बरी चालते आणि आपण त्या भागाला श्रेय देऊन मोकळे होतो.

खुणा दोन्ही बाजूंना बोट दाखवतात. मिसिंग चालू असतानाच किल्ली फिरवून इंजिन बंद केले, गाडी कडेला घेतली आणि थोडे निवल्यावर प्लग काढले, तेव्हा तिन्ही प्लगांच्या चिनीमातीचा रंग जवळजवळ पांढरा होता, तपकिरी नव्हता. यावरून मिश्रण पातळ असल्याचा अर्थ निघतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, हेही लक्षात घ्यावे लागेल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५, नव्या गाड्यांचा संगणक हा फरक सेन्सरवरून ओळखून पेट्रोल वाढवतो, आपल्या जेटचे भोक मात्र होते तेवढेच राहते. शिवाय या गाडीचा पेट्रोल पंप सिलिंडर हेडवरच बसवलेला असल्याने तो चांगलाच तापतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचीही शक्यता उरते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर तिन्ही सिलिंडर एकाच क्षणी सोडतात आणि एकाच क्षणी पकडतात. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल संपत आले तर गाडी आधी मलूल होते, मग घुसमटते आणि सावरायलाही वेळ घेते. इतका कोरा, बटण दाबल्यासारखा तुटकपणा मी तरी करंट गेल्यावरच पाहिला आहे.

तेव्हा माझा प्रश्न कोणता भाग बदलू असा नाही. गाडी प्रत्यक्ष झटके देत असते त्या काही क्षणांत, चालत्या गाडीत, तुटते ते करंट की पेट्रोल हे निर्विवादपणे ठरवायची पद्धत कोणती? मल्टिमीटर आणि टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) माझ्याकडे आहेत आणि सोबत बसायला मुलगा तयार आहे.

प्रतिसाद १

आपण प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. दोन चाचण्या सांगतो. दोन्ही चालत्या गाडीत होतात.

पहिली चोकची. झटके सुरू होताच, पेडल जसेच्या तसे ठेवून, चोक चतुर्थांश ओढावा. मिश्रण पातळ असल्यामुळे मिसिंग येत असेल तर दोनचार सेकंदांत गाडी स्पष्टपणे सुधारते. काहीच फरक पडला नाही तर पातळ मिश्रणाला निदान पहिला संशयित तरी म्हणता येणार नाही.

दुसरी चाचणी आपल्याकडच्या टायमिंग लाइटची. तिचा चिमटा एखाद्या प्लगच्या वायरीला न लावता कॉइलमधून (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणाऱ्या जाड वायरीला लावा, वीज बॅटरीवरून घ्या, केबल बॉनेटच्या कडेने बाहेर काढा आणि दिवा समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला तोंड करून चिकटपट्टीने बांधा. केबल पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर बांधलेली आहे याची खात्री करूनच निघावे, आणि दिव्याकडे मुलाने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे. तीन सिलिंडरच्या या इंजिनात २४०० आरपीएमला कॉइल सेकंदाला ६० वेळा ठिणगी देते, त्यामुळे उजेड जवळजवळ अखंड दिसतो. झटका बसताना तो अखंडच राहिला तर करंट शाबूत आहे आणि दोष पेट्रोलचा समजावा. उजेड तुटला तर कार्ब्युरेटरला हातही लावू नये. तुटला, तर कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी हेही बहुतांशी सुटतात, कारण ते सगळे त्या जाड वायरीच्या पुढचे आहेत. मग राहतात इग्निशन स्विच, तिथून कॉइलपर्यंतची वायर, स्वतः कॉइल, पॉइंट, कन्डेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली जोडणी.

प्रतिसाद २

मला आपल्या वर्णनातले एक वाक्य फार महत्त्वाचे वाटते: पेडल पूर्ण दाबले तरी सावरते आणि सोडले तरी सावरते. पेट्रोल कमी पडत असते, मग ते पंपामुळे असो, फिल्टरमुळे असो वा वाफेमुळे, तर पूर्ण पेडलवर आणि घाटाच्या तीव्र चढावर हाल सर्वाधिक झाले असते. आपल्याकडे नेमके उलट घडते आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या कडेला जी चपटी गोल डबी असते, तिला कार्ब्युरेटरकडून एक बारीक रबरी नळी येते. पेडल अर्धवट दाबलेले असताना त्या नळीतून हवा ओढली जाते, डबीतला पडदा खेचला जातो आणि ज्या प्लेटवर पॉइंट बसवलेले आहेत ती प्लेट काही अंश फिरून टायमिंग पुढे घेते, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते. स्लोला आणि पूर्ण पेडलवर ही ओढ जवळजवळ नसते, म्हणून प्लेट मूळ जागी असते. हलक्या चढावर एका गतीने जाताना मात्र ती मधल्याच कुठल्या तरी जागी दीर्घकाळ थांबते. या प्लेटबरोबर एक वायर हलते, ती पॉइंटपासून डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीवरच्या टर्मिनलपर्यंत जाते. प्लेटला अर्थिंग देणारी दुसरी छोटी वायरही काही डिस्ट्रिब्युटरमध्ये असते. वर्षानुवर्षे वाकून यांतल्या तांब्याच्या तारा आतल्या आत तुटतात, वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. तुटलेली टोके प्लेटच्या एका स्थितीत एकमेकांना टेकतात, दुसऱ्या स्थितीत सुटतात. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दिला की प्लेट त्या मधल्या जागेवरून झर्रकन पुढे निघून जाते, म्हणून दोष तिथे सापडत नाही. उष्णतेचा संबंध आपल्याला वाटतो तितका नसेलही. चढ येईपर्यंत इंजिन तापलेलेच असते, इतकेच.

एक सावधगिरी सांगतो. अर्ध्या पेडलवरच पातळ मिश्रणाचाही त्रास अधिक होतो, कारण पूर्ण पेडलवर कार्ब्युरेटर जास्तीचे पेट्रोल सोडतो. म्हणून केवळ लक्षणांवर निर्णय घेऊ नये, वरच्या दोन्ही चाचण्या कराच. त्यांच्या जोडीला तिसरी: ती रबरी नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढा, तिचे मोकळे झालेले तोंड एखाद्या घट्ट बसणाऱ्या खिळ्याने बंद करा आणि त्याच रस्त्याने जाऊन या. पिकअप आणि मायलेज थोडे कमी होईल, एका फेरीपुरते त्याने काही बिघडत नाही. प्लेट हलेनाशी झाली आणि मिसिंगही थांबली, तर शोध डिस्ट्रिब्युटरच्या आतच संपतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिन्ही चाचण्या पोफळीच्या रस्त्यावर केल्या.

टायमिंग लाइटचा उजेड झटक्यांबरोबर स्पष्ट तुटत होता. मुलगा दिव्याकडे पाहून "गेला" म्हणायचा आणि त्याच क्षणी मला पेडलखाली धक्का जाणवायचा. याच झटक्यांच्या वेळी चोक ओढून पाहिला, त्यांच्यात काडीचाही फरक पडला नाही. स्विचवर संशय राहू नये म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून कॉइलला फ्यूज घातलेली तात्पुरती थेट वायर दिली, तरी झटके तसेच राहिले. नंतर रबरी नळी काढून तोंड बंद केले आणि त्याच चढावरून, त्याच गिअरमध्ये गेलो. मिसिंग पूर्ण थांबली.

घरी येऊन कॅप आणि रोटर काढले. पॉइंटपासून टर्मिनलकडे जाणारी वायर वरून अगदी चांगली दिसत होती, पॉइंट बदलताना ती तशीच ठेवली गेली होती. चिमट्याने हलके ओढल्यावर टर्मिनलपासून बोटाच्या पेराइतक्या अंतरावर तिचे आवरण रबरासारखे ताणले गेले, म्हणजे तिथे आत तांबे सलग नव्हतेच. आवरण चिरल्यावर हिरवट पडलेल्या तारांची तुटकी टोके दिसली, एखाददुसरी बारीक तार तेवढी दोन्हीकडे टेकत होती. मल्टिमीटर लावून प्लेट हाताने फिरवली तर तिच्या फिरण्याच्या दोन्ही टोकांना जोडणी मिळत होती आणि मधल्या एका पट्ट्यात ती नाहीशी होत होती.

नवी वायर निवडताना मेकॅनिकनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती इतरांनाही उपयोगी पडेल: घरगुती वायरिंगची जाड तारांची वायर इथे चालत नाही, कारण ती प्लेटला मोकळेपणी फिरू देत नाही आणि वाकून लवकर तुटते. केसासारख्या बारीक, पुष्कळ तारांची मऊ वायर घ्यावी, तिला किंचित सैल वळण ठेवावे आणि ते वळण फिरणाऱ्या शाफ्टच्या कॅमला घासत नाही हे इंजिन हाताने फिरवून पाहावे. तसे केले, नळी पुन्हा जोडली, टायमिंग तपासले. त्यानंतर कुंभार्ली चढून आलो, एकही झटका बसला नाही.

प्लग मात्र अजूनही पांढरटच आहेत. मिसिंग गेल्यावर आता जाणवते की सपाट रस्त्यावर अर्ध्या पेडलला गाडी किंचित कोरडी ओढते, आणि तिथे चोक थोडा ओढला की ती भरून निघते. हा वेगळा, पातळ मिश्रणाचाच दोष असावा असे मला वाटते. ज्यांनी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी या कार्ब्युरेटरचा मेन जेट बदलला आहे, त्यांनी मूळ जेटवरचा आकडा आणि नव्या जेटवरचा आकडा असे दोन्ही कृपया लिहावेत, आणि बदलानंतर प्लगचा रंग कसा आला तेही सांगावे. जेट रीमरने मोठा करण्याची माझी तयारी नाही, कारण भोक एकदा वाढले की परत लहान होत नाही. पुढच्या क्रमांकाचा तयार जेट कुठे मिळतो हे कोणाला ठाऊक असल्यास तेवढे कळवावे.