मदत हवी आहे : आजच्या काळात मुलीचं नाव ‘उषा’ ठेवावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही दादरला राहतो. घरी नुकतीच मुलगी झालीय, बारसं तोंडावर आलंय आणि नावावरून दोन तट पडलेत. मला ‘उषा’ मनापासून आवडतं. सासूबाई म्हणतात, ‘अगं, हे तर माझ्या मैत्रिणींचं नाव!’ नणंदेला मायरा, कियारा असलं काहीतरी हवंय. नवरा म्हणतो, शाळेत पोरं शिलाई मशीन आणि पंख्यावरून चिडवतील. (हे मात्र खरं वाटतं.)

माझी बाजू अशी: उषा ही ऋग्वेदातली पहाटेची देवता, तिच्यावर वीसेक सूक्तं आहेत. पुराणात बाणासुराची मुलगी, अनिरुद्धाची बायको उषा. आणि १९४२ मध्ये याच मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता! एवढं असून आमच्या आजूबाजूला साठीच्या आतली एकही उषा सापडत नाही. मीरा, तारा, रमा परत आल्या, मग हिनंच काय घोडं मारलंय?

तुमच्या ओळखीत एखादी लहान उषा आहे का? तिला चिडवतात का? ‘उषी’ होणार हे गृहीत धरलंय, दुसरं काही लाडाचं नाव सुचतंय? की ‘उषसी’ ठेवून मधला मार्ग काढू?

जन्मदाखल्यावर वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं, त्यामुळे पालिकेची घाई नाही. घाई आत्याबाईंची आहे, कुर्र तिलाच करायचंय ना!